दहा दिवस पुढे असलेल्या बागेचा सल्ला

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शेतीविषयक पानावर अलीकडे नवनव्या मोबाइल अ‍ॅपची माहिती वरचेवर येते आणि त्या माहितीत ‘शेतकऱ्यांचा समुदाय’ हे शब्द हमखास असतात. अ‍ॅप उतरवून घेणारे पुष्कळ असतात, पण महिन्याभराने ते उघडणारे फार थोडे उरतात, ही अ‍ॅप काढणाऱ्यांची अडचण मला ठाऊक आहे. मी तासगाव तालुक्यातील द्राक्ष बागायतदार असून, अशाच एका अ‍ॅपच्या चर्चा-विभागात चार हंगाम प्रश्नांना उत्तरे देण्याचे आणि चर्चेवर देखरेख ठेवण्याचे काम मी विनामोबदला केले आहे. माणसे अशा ठिकाणी पुन्हा पुन्हा का येतात आणि एके दिवशी कायमची का निघून जातात, हे मला जवळून पाहायला मिळाले. त्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे. पत्र लांबले तर सांभाळून घ्यावे.

द्राक्ष बागायतदार एकमेकांना भेटले की तारीख विचारत नाहीत, ‘बाग किती दिवसांची झाली?’ असे विचारतात. एप्रिलच्या सुमारास नव्या काड्यांसाठी खरडछाटणी होते, ऑक्टोबरच्या सुमारास घडांसाठी फळछाटणी होते, आणि फळछाटणीच्या दिवसापासून पुढचे सगळे दिवसांत मोजले जाते. पोंगा म्हणजे डोळा फुगून फुटणे, फुटींची विरळणी, फुलोरा, जीए या वाढनियंत्रकाच्या द्रावणात घडांची बुडवणी, मण्यांत पाणी उतरणे, या प्रत्येक अवस्थेचे दिवस आमच्या बोटांवर असतात. सांगली जिल्ह्यात या छाटण्या एकाच वेळी होत नाहीत. कोणी लवकर धरतो, कोणी ऑक्टोबर संपेपर्यंत थांबतो. त्यामुळे माझ्या दहा दिवस आधी ज्याने छाटणी केली, त्याच्या बागेत आज जे दिसते ते दहा दिवसांनी माझ्या बागेत दिसण्याची शक्यता असते. संध्याकाळी दुसऱ्याच्या बागेत चक्कर मारण्याची आमच्याकडची सवय या हिशेबातून आलेली आहे. आमच्याच तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी बागेतल्या निवडीतून ‘तास-ए-गणेश’ ही द्राक्षाची जात पुढे आणली. अशा जातीची काडी एका बागेतून दुसऱ्या बागेत जाते तीही अशा येण्याजाण्यातूनच.

मी ज्या अ‍ॅपविषयी लिहितो आहे, त्याच्या पहिल्या आवृत्तीत ही गोष्ट कोणीतरी नीट समजून घेतली होती. नाव नोंदवताना गाव आणि द्राक्षाची जात यांच्याबरोबर फळछाटणीची तारीख विचारली जाई, आणि प्रश्न टाकला की तो आधी माझ्यापेक्षा आठ ते पंधरा दिवस पुढे असलेल्या बागायतदारांना दिसे. बाकी त्या अ‍ॅपमध्ये दिखाऊ असे काही नव्हते. २०१९ साली परतीचा पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला तेव्हा माझी बाग ३८ दिवसांची होती. रात्री नऊच्या सुमाराला पानांवर पिवळसर तेलकट डाग दिसले. दुकाने बंद झाली होती आणि ओळखीचे सल्लागार फोन उचलण्याच्या स्थितीत नव्हते, कारण त्या आठवड्यात साऱ्या तालुक्याची तीच अवस्था होती. मी डागांचा फोटो टाकला. चाळीस मिनिटांत कवठेमहांकाळ तालुक्यातील एका ताईंचा आवाजी निरोप आला: ‘दादा, अंधारात औषध ठरवू नका. डाग असलेली दोन-चार पानं तोडा, ओल्या कापसाबरोबर पिशवीत बांधून ठेवा. सकाळी पानाच्या खालच्या अंगाला पांढरी बुरशी आली तर डाऊनी समजा. आमची बाग नऊ दिवस पुढे आहे, आम्ही यातनंच गेलोय.’ सकाळी पानाखाली पांढरी बुरशी होती, म्हणजे तो डाऊनी हा बुरशीजन्य रोगच होता. काय फवारायचे हे मग सल्लागाराशी बोलून ठरले, पण रात्रीच्या घबराटीत हाताला लागेल ते औषध टाकीत ओतण्यापासून मी वाचलो. पंधरा दिवसांनी पलूसकडच्या एका तरुणाने तसाच फोटो टाकला तेव्हा मी त्याला पिशवीची तीच युक्ती सांगितली. त्यानंतर ते अ‍ॅप उघडण्यासाठी मला कोणी आठवण करून द्यावी लागली नाही.

अशा कामासाठी व्हॉट्सअ‍ॅप आहेच की, असे अनेक जण म्हणतील. आमचेही सात-आठ गट आहेत आणि त्यांचा उपयोग मी नाकारत नाही. परंतु गटातला मजकूर ओढ्याच्या पाण्यासारखा पुढे वाहत जातो. पहाटे सहाला विचारलेला प्रश्न सातपर्यंत शुभेच्छांच्या चित्रांखाली गाडला जातो. गटात नव्याने आलेल्या माणसाला मागच्या हंगामातले सहसा काहीच दिसत नाही. आणि आवाजी निरोपात सांगितलेली गोष्ट शब्द टाकून शोधता येत नाही. एका गटातील सदस्यांची मर्यादा २०२२ मध्ये १०२४ पर्यंत वाढली, पण त्यामुळे गलबला वाढला, उत्तरे वाढली नाहीत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या आसपास गेले होते. तिथली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, हे सांगलीतल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. तरीही त्या दिवसांत आमच्या गटांत कुठले आकडे आजचे आणि कुठले कालचे हेच कळेनासे झाले होते, कारण पुढे पाठवलेल्या निरोपावर तो मुळात कधी लिहिला गेला याची खूण नसते. प्रश्नाखाली त्याचेच उत्तर, उत्तराखाली तारीख, आणि पुढच्या वर्षी ते शोधण्याची सोय, एवढे ज्यात आहे त्या अ‍ॅपला व्हॉट्सअ‍ॅप असतानाही जागा आहे.

तिसऱ्या हंगामात आमच्या अ‍ॅपमध्ये बदल सुरू झाले. अ‍ॅप रोज उघडल्याबद्दल गुण, सलग सात दिवस उघडल्यास पदक, आणि पन्नास उत्तरे दिली की नावापुढे ‘तज्ज्ञ’ असा शिक्का. हे करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मला वाटत नाही; लोकांनी रोज यावे असे त्यांना वाटत होते. परिणाम मात्र महिन्याभरात दिसला. ‘छान’, ‘धन्यवाद’, ‘आमच्याकडेही हेच’ अशी उत्तरे प्रत्येक प्रश्नाखाली साचू लागली. ज्यांनी कधी द्राक्ष लावले नाही अशा लोकांच्या नावापुढे तज्ज्ञाचा शिक्का आला आणि वीस वर्षे बाग केलेली, पण हंगामात पाचच उत्तरे देणारी माणसे यादीत तळाला गेली. त्यांनी तक्रार केली नाही. ती फक्त लिहायची थांबली.

गुण द्यायलाच हवेत असे वाटत असेल, तर ते कोण देतो याकडे लक्ष द्यावे. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी २००८ मध्ये सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लोमध्ये माणसाची पत मुख्यतः त्याच्या लिखाणाला इतरांनी दिलेल्या मतांवर वाढते, आणि कोणत्या उत्तराने आपले काम झाले याची खूण प्रश्न विचारणारा स्वतः करतो. तिथल्या कडक शिस्तीमुळे नवखे लोक बुजतात हाही अनुभव आहे, म्हणून ती पद्धत जशीच्या तशी घेऊ नये. शेतीत तर उत्तर बरोबर होते की नाही हे त्याच दिवशी कळतही नाही. प्रश्न विचारणाऱ्याला आठ दिवसांनी एकच निरोप यावा: ‘काय केले आणि काय झाले?’ त्याचे दोन ओळींचे उत्तर मूळ प्रश्नाखाली कायमचे जोडले जावे. पुढच्या हंगामात वाचणाऱ्याला त्या दोन ओळींचा जेवढा उपयोग होईल तेवढा कोणत्याही पदकाचा होणार नाही.

अ‍ॅपवाले ज्या मापाने यश मोजतात त्या मापाविषयीही लिहिले पाहिजे. रोज किती जणांनी अ‍ॅप उघडले आणि महिन्यात किती जणांनी उघडले, यांचे गुणोत्तर काढून समुदाय जिवंत आहे की नाही ते ठरवले जाते. गप्पा आणि करमणुकीच्या अ‍ॅपला हे माप चालत असेल. द्राक्षबागेचा प्रश्न फळछाटणीपासून फुलोऱ्यापर्यंत दिवसातून तीनदा पडतो. माल गेल्यावर, बेदाणा शेडवरून उतरल्यावर, बागायतदाराला दोन-दोन आठवडे अ‍ॅप उघडण्याचे कारण नसते. तो नाराज होऊन गेलेला नसतो, बाग विश्रांतीला असते. अशा दिवसांत त्याला रोज पाच सूचना पाठवल्या की तो सूचना बंद करतो, आणि ऑक्टोबरमध्ये ज्या सूचनेची खरी गरज असते तीही मग त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. २०२२ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १३ पासून सूचना पाठवण्याआधी अ‍ॅपला परवानगी मागावी लागते. एकदा नाकारलेली परवानगी माणूस सहसा पुन्हा देत नाही. मी देखरेख करीत होतो तेव्हा माझ्या वहीत दोनच नोंदी असत: आज किती प्रश्न विनाउत्तर राहिले, आणि पहिले उत्तर यायला किती वेळ लागला. ज्याचा पहिलाच प्रश्न अनुत्तरित राहिला असा माणूस परत आलेला मला क्वचितच दिसला. अ‍ॅपच्या कार्यालयातही हेच दोन आकडे भिंतीवर लावावेत, अशी माझी सूचना होती.

गप्प राहून वाचणाऱ्यांना निष्क्रिय ठरवू नये, हेही आग्रहाने सांगावेसे वाटते. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये असे मांडले की ऑनलाइन समुदायांत शंभरांतील नव्वद जण फक्त वाचतात, नऊ जण अधूनमधून लिहितात आणि एक जण बहुतेक सारे लिहितो. आमच्याकडेही चित्र साधारण तसेच होते. परंतु माझा शेजारी चार वर्षांत एक अक्षरही न लिहिता प्रत्येक फवारणीआधी जुने प्रश्न वाचून जात असे, आणि त्याच्या दृष्टीने अ‍ॅपचा उपयोग माझ्याइतकाच होता. त्याला लिहिते करण्यासाठी डिवचण्यापेक्षा त्याला शोध सोपा करून द्यावा. एकाच रोगाला केवडा, डाऊनी आणि डावणी अशी तीन नावे चालतात. एक नाव टाकले असता तिन्ही नावांची उत्तरे निघाली पाहिजेत. न लिहिणाऱ्यांत स्त्रिया फार होत्या, याचे मला दुःख आहे. विरळणी आणि बुडवणीचे बारीक काम बहुतांशी त्यांच्या हातून होते, पण घरातला अ‍ॅपचा क्रमांक नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. एका क्रमांकावर घरातील दोन-तीन जणांना आपापल्या नावाने बोलता आले, आणि टंकण्याऐवजी मराठीत बोलून प्रश्न विचारता आला, तर ज्यांच्याकडे उत्तरे आहेत अशी कितीतरी माणसे बोलती होतील. मला वाचवणारे उत्तर लिहून आलेले नव्हते, बोलून आले होते.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. करमणुकीच्या अ‍ॅपमध्ये चुकीच्या उत्तराने फार तर वेळ जातो. आमच्याकडे वर्षाचे पीक जाते. २०१० मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश सापडले आणि माल अडकला, ही आठवण निर्यात करणाऱ्या प्रत्येक बागायतदाराच्या मनात आजही ताजी आहे. निर्यातीच्या बागांची नोंद आणि मालातील औषधांच्या उर्वरित अंशांची तपासणी अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीत होते; तिथे ‘मला समुदायातल्या एकाने सांगितले होते’ हे उत्तर चालत नाही. म्हणून औषधाचे नाव असलेल्या प्रत्येक उत्तराबरोबर काढणीआधी किती दिवस ते थांबवायचे, हा रकाना सक्तीचा असला पाहिजे, आणि तो रिकामा असेल तर उत्तर पुढे जाताच कामा नये. आमच्या अ‍ॅपमध्ये चौथ्या हंगामात उलटच घडले. ‘मी हे वापरले, मण्यांची फुगवण जबरदस्त आली’ अशी एकाच उत्पादनाची उत्तरे निरनिराळ्या नावांनी येऊ लागली. ती जाहिरात आहे अशी खूण त्यांवर नव्हती. आम्ही देखरेख करणाऱ्यांनी ती काढली तर ती दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत ग्राहकाला ऑनलाइन भुलवणाऱ्या फसव्या रचनेचे (डार्क पॅटर्न) तेरा प्रकार दिले आहेत आणि इतर मजकुराच्या वेषात दडवलेली जाहिरात हा त्यांतील एक आहे. जाहिरातीवर माझा राग नाही, अ‍ॅप चालवायला पैसा लागतो. दुकानदाराने दुकानदार म्हणूनच बोलावे आणि त्याच्या नावापुढे तसे लिहिलेले असावे, एवढेच मागणे आहे. आमच्या भागातील कित्येक कृषी सेवा केंद्रचालक उत्तम सल्ला देतात आणि त्यांना ओळख लपवण्याची गरज कधी भासलेली नाही.

बागेची जागा आणि छाटणीची तारीख ही माहितीही जपून ठेवायची असते. व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या स्ट्रावा या अ‍ॅपने वापरकर्त्यांच्या धावण्याच्या वाटांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला आणि त्यातून लष्करी तळांच्या जागा उघड झाल्याचे जानेवारी २०१८ मध्ये जगासमोर आले. आमच्याकडे लष्करी गुपित नाही. पण एखाद्या गावात एकाच आठवड्यात किती माल तयार होणार हे खरेदीदाराला आधी कळले तर दर कोणी पाडायचा हे सांगायला नको. छाटणीची तारीख जुळणी करण्यापुरती यंत्राला कळावी, समोरच्याला फक्त ‘नऊ दिवस पुढे’ एवढेच दिसावे.

देखरेखीचे काम फुकट करून घेऊ नये, हे मी स्वतः फुकट केल्यानंतर सांगतो आहे. हंगामाच्या ऐन दिवसांत पहाटे फवारणी, दिवसा मजूर आणि रात्री चर्चा, असे चार वर्षे करताना घरच्यांची किती ओढाताण झाली ते माझे मला माहीत. प्रत्येक तालुक्यात दोन जाणत्या बागायतदारांना हंगामापुरते मानधन द्यावे, चुकीचे उत्तर झाकण्याचा अधिकार द्यावा आणि तो अधिकार कोणत्या नियमाने वापरला हे सर्वांना वाचता यावे. वर्षातून एकदा याच माणसांनी एखाद्या बागेत शिवारफेरी ठेवून अ‍ॅपमधल्या लोकांना प्रत्यक्ष भेटवावे. आमच्या अशा एका फेरीनंतर पुढचा महिनाभर अ‍ॅपवरचे भांडण जवळजवळ थांबले होते, कारण ज्याच्या बागेत बसून चहा घेतला त्याला उणे-दुणे लिहायला हात धजत नाही.

चौथ्या हंगामाच्या शेवटी ते अ‍ॅप चालवणाऱ्यांनी चर्चा-विभाग बंद केला. खर्च परवडत नाही, असे दोन ओळींचे कारण आले. असे इतरत्रही घडते. भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगोनेही आपला चर्चामंच २०२२ मध्ये बंद केला. व्यवसायाचा निर्णय म्हणून मी तो समजू शकतो. परंतु आमच्या चर्चेतील चार हंगामांचे प्रश्न, पानांचे फोटो, दिवसांसहित नोंदी आणि आवाजी निरोप हे सारे एका सोमवारी दिसेनासे झाले. ती सामग्री त्या अ‍ॅपवाल्यांनी तयार केलेली नव्हती. तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळच्या माणसांनी रात्री जागून ती भरली होती. समुदाय बंद करायचा असल्यास निदान तीन महिने आधी सांगावे आणि ज्याचे लिखाण त्याला उतरवून घेता यावे, अशी अट अ‍ॅप सुरू होतानाच लिहून दिलेली असावी. जिल्ह्यातील सहकारी संस्था, बाजार समित्या आणि आमचा बागायतदार संघ यांपैकी कोणी नवीन अ‍ॅपशी करार करणार असतील, तर त्यांनी ही अट आधी पाहावी.

ज्यांच्याकडे आमचा तो जुना साठा अजून असेल, त्यांना या पत्राद्वारे माझी विनंती आहे की, माणसांची नावे आणि क्रमांक वगळून तो जिल्ह्यातील बागायतदारांच्या स्वाधीन करावा. माझ्या वहीत त्यातली सतरा उत्तरे मी त्या त्या वेळी हाताने उतरवून ठेवली आहेत. त्यांत कवठेमहांकाळच्या ताईंचे ते पिशवीचे उत्तरही आहे. ती सतरा मी कोणालाही द्यायला तयार आहे. बाकीची यंदाच्या फळछाटणीआधी मिळाली तर बरे होईल.

आपला विश्वासू,
एक द्राक्ष बागायतदार
ता. तासगाव, जि. सांगली